कॅथरीन राणीचा मळ

२ नोव्हेंबर, रविवार
साडू त्रिंबककडे करमाडला जेवण. जेवण कसलं, निजामाच्या नाण्यांचं कीर्तन. मागच्या वर्षी प्रदर्शनात टेबल मिळालं, पेपरात नाव आलं, तर कात्रण लॅमिनेट करून भिंतीवर. तेही देवाच्या फोटोच्या वर! किळस आली. बासुंदी दोनच वाट्या गेली.

निश्चय : जानेवारीत त्याच प्रदर्शनात माझं टेबल, पेपरात माझं नाव. विषय रशिया. झारच्या काळातली तांब्याची नाणी. निजाम काय, आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतो.

९ नोव्हेंबर
शहागंजच्या दुकानातून सहा नाणी आणली. पाच किरकोळ, एक खास. कॅथरीन राणीच्या काळातलं पाच कोपेक, म्हणजे तिकडचे पाच पैसे. चांगलं जाडजूड, वर दोन डोक्यांचा गरुड. पण अवस्था काय! काळपट, हिरवट. अडीचशे वर्षांत कुणाकुणाचा घाम लागला असेल. शी! दुकानदार म्हणाला, इसको पानी भी नक्को लगाओ साब, जैसा है वैसाच रखो. त्याच्या दुकानातली धूळ बघता तो दुसरं काय सांगणार?

सुरेखा म्हणाली, असली घाण देवघराजवळ ठेवू नका. बायकोला इतिहासाचं काही नाही.

१६ नोव्हेंबर
उद्यापासून पहाटे पाचला उठून रशियन लिपी शिकणार.

१७ नोव्हेंबर, स. ९
उठलो नाही. शिवाय ते लोक इंग्रजी आर उलटा काढतात. असल्यांचं साम्राज्य बुडणारच होतं.

१० डिसेंबर, बुधवार
उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. सुरेखानं पूजेचा तांब्या चिंच-मीठ लावून घासला. आरशासारखा झाला. मी बराच वेळ बघत बसलो. आयडिया!

११ डिसेंबर, सायं. ६
सुरेखा हळदीकुंकवाला गेली. चिंच घेतली, मीठ घेतलं. राणीचा मळ लवकर निघेना, म्हणून तारेची घासणी. पाणी असं निघालं की जेवणावरची वासनाच गेली.

पण झळाळी! गरुडाचं एक डोकं जरा पुसट झालं. गरुडाला एक डोकं पुरतं.

२१ डिसेंबर, रविवार
प्रदर्शनाची निवड. प्रदर्शनाच्या तनुजा मॅडम सगळी नाणी तपासतात. त्यांनी माझं पाच कोपेक भिंगाखाली धरलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भारावल्या. मग म्हणाल्या, कुणी केलं हे? तो काळपट थर म्हणजेच नाण्याचं वय, तोच खरवडून काढला. आता याला कुणी हात लावणार नाही.

शेजारी त्रिंबक उभा. तोंडातून निघून गेलं, बायकोनं केलं. पूजेच्या भांड्यांत गेलं चुकून.

त्रिंबक म्हणाला, सुरेखानं व्हय? ती तर लई जपून घासती. या माणसाचा चोंबडेपणा मला कधीच आवडला नाही.

मॅडमनी मात्र बायकोचं नाव लिहून घेतलं. मोठ्या लोकांची पद्धत असते.

२४ डिसेंबर
मॅडमचा फोन. टेबल मिळालं! तेही दारातलं, म्हणे सगळ्यांनी बघायलाच हवं. शेंद्र्याच्या कंपनीत पूर्ण डिपार्टमेंटला पेढे दिले. त्रिंबकला फोन करून सांगितलं, नाराज होऊ नको.

११ जानेवारी, रविवार
टेबलावर मखमल, मखमलीवर माझं नाणं, शेजारी पाटी : ‘नाणी अशी घासू नयेत.’ खाली : ‘सौजन्य : सौ. सुरेखा.’

सुरेखानं पाटी वाचली. माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायला निघालो.

परत आलो तर टेबलाला बायकांचा गराडा. एकीनं विचारलं होतं, बाई, एवढं चकचकीत कशानं केलंत? सुरेखा खुर्ची ओढून बसली होती आणि सांगत होती, म्या नाय घासलं बाई, यायनं घासलं. माझी तारेची घासणी कुठं गेली ते मला आत्ता कळतंय. असं म्हणून तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्या वळल्या. त्यात पेपरवाला. हसत होता मेला.

प्रदर्शनांचा दर्जा फार खालावला आहे.

१२ जानेवारी, स. ८
पेपरात आलं. फोटोत सुरेखा, तिचं लांबवलेलं बोट आणि कडेला अर्धा मी. खाली छापलंय : ‘सौ. सुरेखा व त्यांचे पती.’

कंपनीत कळवलं, पोट बिघडलंय, आज येत नाही.