तीन पावलांवरची माती

प्रिय वहिनी,

हे पत्र लिहायला भाग पाडणारं कारण सरळ आहे: कार्यालयाला तुझी सही हवी आहे आणि ती आणायचं काम संचालकांनी माझ्यावर टाकलं आहे. अकरा वर्षांत आपण दोघी 'पाणी दे, पंखा लाव' यापलीकडे एकमेकींशी बोललेलो नाही. मधल्यामध्ये दादाची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. म्हणून हे त्याच्या तोंडून सांगणार नाही. लेखी सांगते.

तू इथे असताना तयार केलेलं तुझं भात उगवलं. आठ सेंटिमीटर खोलीवरून, वर मातीचा कडक पापुद्रा असताना, शंभरातली त्र्याण्णव रोपं वर आली. बाकीच्या बावीस वाणांत जो पहिला आला, त्याची एकोणीस. सातव्या दिवशी सकाळी जाळीघरात तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर मी अशा काही टाळ्या वाजवल्या की रखवालदार काठी घेऊन धावत आला. "बाई, साप निघाला का?" मी म्हटलं, साप नाही, माझी वहिनी निघाली. त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

तू विचारशील, माझं बियाणं राहिलं कसं? नापास नमुना वर्षभराने जाळून टाकायचा, असा नियम आहे. तुझी पिशवी मी शीतखोलीत सगळ्यात खालच्या फळीवर ठेवली आणि दर वर्षी यादी करताना नेमकी त्या फळीपाशी माझी नजर अधू व्हायची. कॉलेजात जिला तू 'फूटपट्टी' म्हणायचीस, तिने हे केलं. यंदा संचालकांना खोल पेरलं तरी येणारं भात हवं होतं. वरची माती वाळली तरी खालच्या ओलीवर तग धरणारं. मी कुणाला न विचारता तेविसावी ओळ पेरली.

आमच्याकडे आता वनस्पतींच्या संप्रेरकांवर काम करणाऱ्या एक शास्त्रज्ञ बाई आहेत. त्यांनी मला नीट समजावलं. गाडला गेलेला कोंब इथिलीन नावाचा वायू सोडतो. उघड्यावर तो उडून जातो, मातीखाली मात्र कोंबाभोवतीच साठत राहतो. तेवढ्यावरून कोंबाला कळतं की आपण अजून झाकलेले आहोत. मग वाढ रोखून धरणारं दुसरं संप्रेरक, जास्मोनेट, कमी तयार होतं आणि बी नि कोंब यांच्यामधली पांढरी मान लांबत जाते. उजेड दिसला की लांबणं बंद, हिरवं होणं सुरू. तुझ्या वाणात हे जरा जास्तच जोमाने होतं, एवढंच त्याचं वेगळेपण. बाई म्हणाल्या, "याला व्यंग कुणी ठरवलं?" मी म्हटलं, मी.

कारण तेव्हा उगवण तपासताना ओल्या कागदाच्या गुंडाळीत, बंद पेटीच्या अंधारात, तुझ्या रोपांना वाटलं आपण मातीतच आहोत. माना लांबल्या. चारशेतली एकशे बारा मी 'विकृत' या रकान्यात टाकली आणि नमुना नापास केला. तू टेबलावर हात आपटून म्हणालीस, "अगं बाई, मातीत लावून तरी बघ!" मी म्हटलं, "इथे मी तुझी नणंद नाही." महिन्याभरात तू राजीनामा दिलास. आता शाळेत मुलांना कापसावर हरभरे उगवून दाखवतेस. दादा म्हणतो, फार छान शिकवते. ते ऐकलं की दर वेळी मी विषय बदलते.

सही तर दादानेही आणली असती. मी लिहायला बसले ते तपासणीच्या पुस्तकातल्या एका कलमामुळे: रोपांबद्दल शंका आली, तर मातीत पेरून पुन्हा तपासावं. मला शंका आली होती, वहिनी. मातीचं घमेलं माझ्या टेबलापासून तीन पावलांवर होतं. दुसऱ्या कुणाचा नमुना असता तर मी ती तीन पावलं टाकली असती. घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तुला हक्काचं मापही दिलं नाही. काल हे सगळं मी संचालकांपुढे, सगळ्यांच्या देखत सांगितलं आणि जुन्या नोंदवहीतला माझा शेरा लाल शाईने खोडून खाली सही केली. वाणाचं नाव ठेवायचा मान तुझा आहे. सोमवारी ये. मला दोन शब्द ऐकवायचे असतील तर ऐकव. चार झाले तरी चालतील. पण आधी जाळीघरात चल. तुझी ओळ दारातूनच दिसते.

तुझीच, अजूनही,
फूटपट्टी

सोबत, दादाच्या हाती दिलेलं: वाणाच्या नोंदणीचा अर्ज, तीन प्रती, सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. खोडलेल्या शेऱ्याच्या पानाची प्रत. कागदावर चिकटवलेलं एक रोप, मान पाच सेंटिमीटर दोन मिलिमीटर. मूळ पिशवी, उरलेलं बियाणं एकशे चाळीस ग्रॅम. वरची चिठ्ठी तुझ्याच अक्षरातली, अकरा वर्षांत बदललेली नाही.