पिवळ्या भिंतीची पट्टी

४ मार्च, मंगळवार

बाबांनी आज कमालच केली! संग्रहालयाचं नाव चक्क स्वतःच्या तोंडाने काढलं. अठरा वर्षं घरात त्या विषयाला हात लावायची सोय नव्हती. म्हणाले, "ती खुर्चीवरली बाई तिथंच टांगलीय. मूळ चित्र. जाऊन ये." उशीखालून जुन्या कॅलेंडरच्या प्रूफची, छपाईआधीच्या नमुन्याची पट्टी काढली — त्यांनी छापलेली पिवळी भिंत. "हिच्याशी ताडून बघ. दिसेल ते सांग."

डॉक्टरांनी आशा सोडलीय. नाही कशी म्हणू?

५ मार्च

आई भडकली. "आता तरी ते कॅलेंडर सोडा म्हणावं!"

त्या कॅलेंडरनेच घात केला. प्रेसमध्ये बाबा मशीनवर, फोरमनकाका त्यांचे जिवलग. संग्रहालयाच्या कॅलेंडरवर ती खुर्चीवरली बाई छापायची होती; एवढ्या मोठ्या चित्रकाराचं काम पहिल्यांदाच आलेलं. संग्रहालयाने पाठवलेल्या चित्राच्या स्लाइडमध्ये, फोटोच्या फिल्मवर, भिंत राखाडी. काका म्हणाले, आलंय तसं छाप. बाबा म्हणाले, स्लाइडचा रंग उडालाय, मूळ भिंत पिवळीच असणार — आणि पिवळी शाई वाढवली! काकांनी भिडेखातर प्रूफवर सही केली. संग्रहालयाने रंग चुकला म्हणून सगळा माल नाकारला, रद्दीत गेला. सही काकांची, म्हणून नोकरीही काकांची गेली. बाबांचा हेका एकच — माझंच बरोबर. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

८ मार्च, शनिवार

जाऊन आले. चित्र केवढंसं! मी उगीच भिंतभर समजत होते. बाईच्या बोटांवर रंग जाड थापलेला, त्यात ब्रशाचा एक केस चिकटून राहिलाय. घरी उरलेल्या एका कॅलेंडरात ती रागावलेली वाटायची. ती नुसती थकलीय.

भिंत राखाडी. पट्टी समोर धरली तर पहारेकरी खेकसला, "ओ ताई, मागे व्हा!" पण जे दिसायचं ते दिसलं होतं. पिवळ्याचा मागमूस नाही. बाहेर पायरीवर बसून रडले.

घरी आल्या आल्या बाबांनी विचारलं. म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं बाबा. पिवळीधमक!"

"नीट बघितलंस?"

"अगदी नीट."

"बरं," म्हणाले आणि कुशीवर वळले. एवढं खोटं चालतं. आजारी माणसाला तेवढंच समाधान.

९ मार्च

बाबा जेवले नाहीत. मध्येच विचारलं, "फोरमन अजून त्याच घरात राहतो का गं?" मी म्हटलं, "आता कशाला ते उकरून काढायचं? तुम्ही चुकला नव्हतात ना!" त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला.

१२ मार्च

बाबा गेले.

२५ मार्च

त्यांच्या चष्म्याच्या डबीत संग्रहालयाचं जुनं तिकीट सापडलं. काकांची नोकरी गेली, त्याच्या पुढच्याच आठवड्यातलं. मागे पेन्सिलीने — "भिंत राखाडीच. चूक माझी. त्याला सांगायचंय."

अठरा वर्षं त्यांना ते सांगायला तोंड उघडता आलं नाही. शेवटी मला पाठवलं, म्हणजे मी 'राखाडी' म्हणून सुरुवात करीन आणि त्यांना कबूल करता येईल.

आणि मी म्हणाले, पिवळीधमक!