बोटातून आलेला लाल उजेड

यवतमाळ, दवाखान्याच्या गेटजवळ
९ जानेवारी, दुपार

चि. साकेत यास आशीर्वाद. ते घ्यायचे की नाही, तू ठरव.

प्राचीचं बाळ बरं आहे. वाटी-चमच्यानं दूध घेतं. त्याला आणि तुझ्या आईला शेजारच्या मोतीबाईंकडे ठेवून मी सकाळच्या एसटीनं वणीहून निघालो. जावईबापू हैदराबादहून निघालेत, एव्हाना पांढरकवड्याच्या पुढं आले असतील. थंडी आहे. तू स्वेटर आणला नव्हतास, माझा इथल्या चौकीदाराजवळ, सेवादासजवळ दिला आहे.

काल तू म्हणालास, "वर वॉर्डात दिसू नका." दिसलो नाही, रात्रीच वणीला परतलो. आज निघाल्यापासून फोन लावतो आहे, तू उचलत नाहीस. शेवटी वर जायला निघालो तर सेवादास आडवा आला. "काका, पास एकच, तो तुमच्या पोराजवळ हाये. लिहून द्या, मी नेतो." म्हणून त्याच्याच टेबलावर लिहितो आहे. तो वाकून पाहतो. "पोथी लिहून राह्यले का जी? मुद्द्याचं लिहा न!"

मुद्द्याचं लिहितो. प्राचीला कोळशाचा वायू लागला आहे. कार्बन मोनॉक्साइड. हे आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांग आणि मग येऊन पुढचं वाच.

अजून बसला असशील तर ऊठ. ते म्हणतील, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव दिसतो आहे. दिसणारच. म्हणावं, त्या आकड्यावर जाऊ नका, ऑक्सिजन पूर्ण जोरात लावा. रक्तात हा वायू आहे का त्याची तपासणी वेगळी असते, तीही मागून घे. कदाचित आता रक्तातून निघूनही गेला असेल. तरी सांग.

आकडा खोटा का, हे कोणी विचारलं तर तुला सांगता आलं पाहिजे. लहानपणी तू बॅटरी मुठीत धरून लावायचास आणि बोटं लाल दिसली की ओरडत आईकडे पळायचास. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा तो चिमटा तेच करतो. एका बाजूनं दोन उजेड सोडतो, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा. कातडी, मांस, रक्त, वाटेतला प्रत्येक जण आपापला हिस्सा खातो, पलीकडे उरतो तेवढा मशीन मोजतं. ऑक्सिजन नसलेलं रक्त लाल उजेड जास्त खातं, ऑक्सिजनवालं कमी. त्या फरकावरून आकडा निघतो. कोळशाचा वायू मात्र ऑक्सिजनच्या जागेवर जाऊन बसला तरी रक्त लाल उजेड जवळपास तसाच सोडतं. उजेड पोचला एवढं मशीनला कळतं, जागेवर कोण बसलं आहे ते कळत नाही. मशीन बिघडलेलं नाही. आपल्या घरचं मी स्वतः उघडून पुसलं होतं, सेल नवे आहेत.

हा चिमटा कसा चालतो हे मी कोणाला न विचारता शिकलो. ही शेवटची गोष्ट मात्र आज शिकलो. सकाळी तुझ्या आईनं बाळाची दुपटी वाळवायला प्राचीच्या त्याच खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, दार लावून. जरा वेळानं भिंत धरत बाहेर आली. "अवो, डोकं फुटून राह्यलं माह्यं." अंगणात येऊन ओकली. मी सवयीनं तिच्या बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव. चेहऱ्यावर रंग नाही, धड उभं राहवत नाही, आणि अठ्ठ्याण्णव. मोकळ्या हवेत बसवल्यावर सावरली. तिची काळजी करू नकोस. मोबाइलवर शोधलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पायात चपला घातल्या.

तू म्हणशील, काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काय झालं होतं? त्यांनी विचारलं, "खोलीत धूर होता का?" मी म्हणालो, "नाही." ते खरं होतं. आंघोळीनंतर बाळंतिणीला शेकायला तुझी आई गोवऱ्यांची शेगडी करणार होती. ती मी बंद केली, धुरानं पोरीचे डोळे जळतात म्हणून. दगडी कोळसा अंगणात लालभडक होऊ द्यायचा, धूर पार संपला की मगच शेगडी बाजेखाली सरकवायची, ही पद्धत माझी. वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटींना चिकटपट्टीही मीच लावली. नीट लावली. एक फट ठेवली नाही. बाळाला त्या खोलीत फार गरम होतं म्हणून पाळणा बाहेर ठेवला होता. नाहीतर ते बाळही

सेवादास चहा घेऊन आला. "प्या जी, मंग लिहा." एक घोट घेतला, पुढं लिहितो.

काल तू सगळ्यांसमोर विचारलंस, "ती डोकं दुखतं म्हणाली तेव्हा तुम्ही काय केलं?" मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू मला खाली काढलंस. उत्तर लिहितो.

ती बाजेवर पडली होती. म्हणाली, "बाबा, डोकं लय दुखून राह्यलं. थोडी खिडकी उघडा न." मी चिमटा लावला आणि आकडा तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हे पाह्य, अठ्ठ्याण्णव. तुह्यापेक्षा मशीनले जास्त समजते." ती हसली रे. म्हणाली, "मंग मशीनलेच झोपवा बाजेवर." मीही हसलो, आणि दार ओढून घेतलं. आई जेवायला उठवायला गेली तेव्हा तिला झटके येत होते.

वणीतले डॉक्टर आपली मशीनं माझ्याकडे पाठवतात. मी दुरुस्त केलेलं परत येत नाही. ते खरं आहे, आणि माझ्या पोरीला त्याचा कवडीचा उपयोग नाही.

डॉक्टर रागावतील, काल का सांगितलं नाही म्हणतील. माझं नाव सांग. कागदावर माझ्या तोंडचं जे लिहिलं आहे ते खोडून, "बापानं चुकीचं सांगितलं" असं लिहायला लाव. मी खाली सही करतो.

ऑक्सिजन पूर्ण जोरात लावला की सेवादासजवळ एकच शब्द पाठव, "लावला." मला वर बोलावू नकोस. ती शुद्धीवर आली तर मी कुठं आहे ते आपणहून सांगू नकोस. तिनं विचारलं तर सांग.

जागा सोडत नाही,
बाबा