दोन्ही याद्यांतून गळलेले सौदे

प्रिय बारक्या,

या दोन हातांनी आजवर काय काय केलं त्याची यादी सकाळपासून करतोय. आईची काठी, मूठ तिच्या तळहाताच्या मापाने घासलेली. तुझ्या गिरणीवरची पाटी, एकेक अक्षर करवतीने कापून, चौदा दिवसांत. तुझ्या वहिनीचं कपाट, ज्याचं दार अजून एका बोटाने बंद होतं. दोन रेडिओ. आणि ऑफिसातला दुहेरी नोंदी गाळणारा तक्ता. शेवटची वस्तू सोडली तर कशातही खोट काढून दाखव. लिहायचं आहे ते त्या शेवटच्या वस्तूबद्दल, म्हणून तर कपाटाच्या दारापाशी रेंगाळतोय.

तुझी गिरणी बंद पडून सात आठवडे झाले. परवा तिच्यावरून गेलो. शटरखाली पिठाची पांढरी रेघ अजून आहे. तू आत होतास की नाही कोण जाणे, मी हाक मारली नाही. गेल्या खेपेला तू भडकून विचारलंस, वायदेबाजारावर नजर ठेवणारे तुम्ही सरकारी लोक अकरा महिने झोपा काढत होतात का, तेव्हा मी चहात साखर ढवळत बसलो. मी साखर घेत नाही. तुझ्या बायकोच्या ते लक्षात आलं, तुझ्या नाही.

तू काही जुगार खेळला नव्हतास. आठ महिन्यांनी लागणाऱ्या गव्हाचा भाव आधीच बांधून घेतलास, पुढे भाव भडकला तरी गिरणी चालत राहावी म्हणून. शहाण्या माणसाचं काम. पण ज्या पेढीने तुला आणि तुझ्यासारख्या हजारोंना भाव बांधून दिला, ती समुद्रापलीकडच्या बाजारातही तसेच सौदे करत सुटली होती, झेपतील त्याच्या कितीतरी पट. भाव भडकला, पेढी बसली, आणि तू आगाऊ भरलेली रक्कम तिच्याबरोबर गेली.

असल्या पेढ्यांसाठीच तर आमच्या आणि तिकडच्या कार्यालयात करार झाला होता. चौसष्ट पानी. सही कोणाची, भाषा कोणती, गुप्त कागद कुठल्या रंगाच्या पाकिटात, सगळं त्यात होतं. दर शुक्रवारी दोघांनी आपापली यादी एकमेकांना पाठवायची. दोन्ही देश मिळून झालेला सौदा दोन्ही याद्यांत यायचा, म्हणजे दोनदा मोजला जायचा. त्यावर तोडगा मी काढला. कोणी न शिकवता, सेकंडहँड पुस्तकांवरून कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाने. त्यांच्या यादीत जो सौदा दिसेल तो आपल्या यादीतून गाळायचा, बस्स. मोठमोठ्या पदव्यांच्या साहेबांनी पाठ थोपटली. आठवडाभर मी लिफ्ट सोडून जिन्याने चढत होतो, लोकांनी बघावं म्हणून.

तिकडे माझंच काम करणारी एक बाई आहे. कधी भेट नाही, पण तिच्या यादीत स्वल्पविरामही चुकत नाही, त्यावरून मी तिला ओळखतो. तिनेही तिकडे तेच केलं. आमच्या यादीत दिसेल ते तिच्या यादीतून गाळलं. दारात दोन सभ्य माणसं आधी तुम्ही, आधी तुम्ही करत उभी राहावीत, तसं झालं. पेढीचे सगळे मोठे सौदे दोन्ही देश मिळून झालेले. ते मी सोडले, कारण ती मोजतेय. तिने सोडले, कारण मी मोजतोय. अकरा महिने दोन्हीकडचे कागद अगदी स्वच्छ दिसत होते.

आता जे तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही ते. पहिल्याच महिन्यात त्या बाईंचं पत्र आलं होतं. दुहेरी नोंदी तुम्ही कशा काढता? आम्हीही काढू लागलो आहोत, एकदा मिळून पडताळून पाहू या का? एका ओळीत उत्तर झालं असतं. पण मला वाटलं, ही माझी परीक्षा घेतेय. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाला असे वास फार लवकर येतात. मी लिहिलं, आमच्या पद्धतीत शंकेला जागा नाही, आपण निश्चिंत असावं. वाक्य जमलं म्हणून तेव्हा खूश झालो होतो. तुझी वहिनी म्हणते, तुम्हाला रस्त्यात कोणाला पत्ता विचारायचा तरी अपमान वाटतो. इतकी वर्षं ते मी हसण्यावारी नेलं.

सोमवारी दोन्ही देशांच्या चौकशी समितीपुढे मला बोलावलंय. तिचं पत्र आणि माझं उत्तर मी स्वतः त्यांच्यापुढे ठेवणार आहे. नोकरी जाईल, पेन्शनही बहुधा. मंगळवारी ते पेपरात येईल, आणि तुझ्या गिरणीला कुलूप कोणामुळे लागलं ते तुला परक्याकडून कळेल. ते नको, म्हणून हे पत्र. माफी मागायला तोंड नाही. पण आणखी एक गोष्ट आहे, तीही माझ्याकडूनच ऐक, म्हणजे रागवायचं ते एकदाच रागावशील. बुधवारी पेढीच्या मालकांचा वकील घरी आला होता. खापर तिकडच्या कार्यालयावर फुटलं तर खटला तिकडे चालेल आणि इथल्या मालकांची घरंदारं वाचतील. त्यासाठी मी एवढंच करायचं, तिचं पत्र मला कधी मिळालंच नाही, चूक एकट्या तिची, असं लिहून सही द्यायची. मी नाही म्हटलं. त्या सहीसाठी ते जे पैसे देणार होते, त्यांत तुझी गिरणी पुन्हा चालू होऊन वर उरलंही असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. रक्कम होती एक्केचाळीस लाख साठ हजार.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
दादा