एकट्याला दिसलेला ठिपका

४ जानेवारी
आलो एकदाचे! वेधशाळेच्या आवारात दोन खोल्यांची जागा, नळाला पाणी आणि शाळा फाटकासमोरच. आठ वर्षांच्या चिमीने जिना दहा वेळा चढून-उतरून पाहिला आणि घर पास केलं. तिची आई जाऊन चौदा महिने झाले. एवढ्या दिवसांत पोर आज पहिल्यांदा खळखळून हसली.

नोकरी दिवसाची म्हटल्यावर लोक मला हसतात. ताऱ्यांचं काम, आणि दहा ते पाच! पण मला तारे मोजायचेत ते जुन्या काचांवरचे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी दुर्बिणीतून घेतलेल्या निगेटिव्ह इथे कपाटात उभ्या लावून ठेवल्यात. त्यांत आकाश पांढरं आणि तारे काळे.

८ जानेवारी
माझ्या जोडीला ताई आहेत. वीस वर्षं याच खोलीत. जीभ तिखट, पण चिमीसाठी रोज डब्यात काहीतरी जास्तीचं आणतात. भिंगातून ठिपका बघायचा, शेजारच्या माहीत असलेल्या ताऱ्यांशी ताडायचा आणि त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, लिहायची. आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक. एक काच दोघांनी मोजायची, एकमेकांचं न बघता.

शिवाय प्रत्येकाच्या डोळ्यात काही ना काही खोट असतेच. ती मापून त्या माणसाच्या दोषाच्या कार्डावर लिहितात आणि त्याच्या मोजणीतून वजा करतात. मी सगळे तारे थोडे जास्तच तेजस्वी मोजतो असं निघालं. ताई म्हणाल्या, बरं झालं, या खोलीत कुणीतरी आशा धरून आहे. आणि जो ठिपका दोघांपैकी एकालाच दिसतो, तो तारा नव्हेच. तोही कार्डावर दोष म्हणून लिहायचा, सही करायची, विषय संपला.

१७ जानेवारी
एका काचेच्या डाव्या कोपऱ्यात मला एक ठिपका दिसतो, चौदाव्या प्रतीचा. ताईंना दिसत नाही. मी हट्टाने तीनदा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि डोळे तपासून घ्या म्हणाल्या. कार्डावर लिहून सही केली. वाईट वाटलं, पण नोकरी नवी आहे. शहाण्याने गप्प बसावं.

२३ जानेवारी
तोच ठिपका आज बाराव्या प्रतीचा. काच तीच. सत्तर वर्षांपूर्वी धुऊन वाळलेली काच आठवड्यात बदलत नाही, एवढं मलाही कळतं.

माझ्या टेबलाच्या खणाच्या तळाशी एक जुनं कार्ड सापडलं. अक्षर बारीक, बाईमाणसाचं असावं. तोच काचेचा क्रमांक, तोच कोपरा. चौदा, बारा, नऊ, सहा, तीन. पुढे काही नाही. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, तुमच्याआधी या खुर्चीवर कुणी नव्हतंच. पण खुर्चीची उशी बसून बसून पार चपटी झाली आहे.

२९ जानेवारी
नववी प्रत. आज ताईंनी चहा एकच कप ओतला. मी समोर बसलो होतो. खाकरलो तेव्हा दचकल्या, आणि ओशाळून म्हणाल्या, वय झालं हो माझं. संध्याकाळी शिपायाने मी आत असताना बाहेरून कुलूप लावलं. अर्धा तास दार बडवलं.

जे एकालाच दिसतं ते वजा करतात. मला वाटायचं, ठिपका वजा होतोय. वजा होतो तो बघणारा.

२ फेब्रुवारी
शाळा लवकर सुटली म्हणून चिमी खोलीत आली. मी वळेपर्यंत भिंगाला डोळा लावून बसलीसुद्धा. मग विचारलं, बाबा, हा कोपऱ्यातला टपोरा ठिपका कशाचा?

काही नाही, डाग आहे, म्हणालो. ताऱ्याची कडा कशी ओळखायची ते मीच शिकवून ठेवलंय तिला. ती म्हणाली, डागाच्या कडा अशा नसतात.

५ फेब्रुवारी
चिमी रडत घरी आली. बाईंनी हजेरीत तिचं नाव घेतलं नाही. हात वर करून ओरडली तरी घेतलं नाही. मैत्रिणीने चिमीच्या जागेवर आपलं दप्तर ठेवलं.

माझ्या कार्डामागे आज दुसरं कार्ड निघालं. वर चिमीचं नाव. मी केलेलं नाही. नोंद एकच — डावा कोपरा.

तिची आई गेली तेव्हा मला काहीच करता आलं नव्हतं. या वेळी —

६ फेब्रुवारी
काल रात्री काच फोडली. सकाळी कपाटात अख्खी.

८ फेब्रुवारी
इथे एक रीत आहे. शिकाऊ माणसाची चूक शिकवणाऱ्याला आपल्या कार्डावर घेता येते. ताईंनीच सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यात. चिमीला बघायला मीच शिकवलं. मग चूक माझीच.

पण माझ्या कार्डावर तिसरी प्रत लिहून झाली आहे, त्या जुन्या कार्डावरची शेवटची. त्यात तिचीही भर घातली तर —

घातली. लिहिलं, दोष सर्वस्वी माझा, तिला काही दिसलं नाही. सही केली. सही नीट वाचता येते.

रात्रभर तिचा हात धरून बसलो. झोपेत तिने तो एकदा घट्ट धरला.

९ फेब्रुवारी
बाईंनी हजेरीत नाव घेतलं! मी वर्गाच्या दाराशी उभा होतो. चिमी केवढ्याने हजर म्हणाली! मी हात हलवला. ती माझ्याकडे बघत होती — माझ्या पलीकडच्या भिंतीकडे.

१० फेब्रुवारी
ताई तिला न्यायला आल्या. फाटकावरच्या शिपायाला सांगत होत्या, आई-बाप दोन्ही नाहीत हो पोरीला, आता माझ्याचकडे राहील. चांगल्या आहेत. जेवू घालतील. केस विंचरताना ओढतात थोडे, तेवढंच.

मी खूप हाका मारल्या. चिमीने एकदाही वळून पाहिलं नाही.

११ फेब्रुवारी
ताईंच्या घरी. मी कोपऱ्यात. चिमी गृहपाठाला बसलीय. आज एकदाही रडली नाही. तिला बाबा आठवत नाही, म्हणून तिला दुःखही नाही. हेच तर हवं होतं मला. हवं होतं ना?

तिची वही संपली. ताई म्हणाल्या, ती बघ, टेबलावर एक कोरी पडलीय.

माझी. हीच, पानोपानी लिहिलेली. तिने ओढली — पान सपाट करतेय — मी लिहितोय त्यावरून तिचा हात —

चिमे, थांब, एवढंच, मी इथेच