प्रकाशक : सौ.

४ जानेवारी २०२५

पुण्याच्या प्रकाशकाला फोन केला. तेच उत्तर — "विचाराधीन आहे, सर." तीन वर्षं झाली! चौथीची पोरं एवढ्यात सातवीत जातात. मी मास्तरकीतून रिटायर झालो, कादंबरी अजून विचाराधीनच.

बंकटचा आठवा कवितासंग्रह आला. सिरसाळ्याहून इथं चौसाळ्यापर्यंत स्वतः मोटारसायकलवर घेऊन आला. पहिल्या पानावर "सप्रेम भेट", आत "प्रकाशक : सौ. छबुबाई" आणि पत्ता घरचाच. आठही पुस्तकांच्या प्रकाशक छबुवहिनी! एकाचंही नाव त्यांना सांगता येणार नाही. "काय बे राधाकिशन, तुझं कवा?" म्हणाला. मी म्हटलं, मी घरचं छापत नसतो. हसला. त्याला राग कसा तो येतच नाही.

११ जानेवारी

बीडला साहित्य मंडळाची बैठक. आठ वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये मी ठणकावून बोललो होतो — स्वखर्चानं काढलेलं पुस्तक म्हणजे लग्नपत्रिका, घरोघर वाटायची, वाचायची कुणी नाही. टाळ्या पडल्या होत्या. आज अकरा जण होतो, त्यातल्या नऊ जणांची पुस्तकं घरचीच. वर्षाराणी मॅडम तर मोबाईलवर ऑर्डर आली की तेवढ्याच प्रती काढतात. पुण्याची वाट बघणारा मी एकटा. अकरावा अजिनाथ, पण त्याचं अजून लिहूनच व्हायचंय.

२० जानेवारी

ठरलं. घरीच काढायचं. लाज वाटली, तेही लिहून ठेवतो.

२३ जानेवारी

बीडला अंगदकडे गेलतो. बंकटची पुस्तकं हाच टाईप करतो. वही चाळली, पानांचा अंदाज काढला आणि म्हणाला, "मॅडमचं नाव सांगा, प्रकाशकात टाकतो." माझंच टाकलं तर? "चालतंय की. पण बरं दिसत न्हाई, सर. समदे मॅडमचंच टाकतात." मग 'सौ. रोहिणी' लिहून दिलं आणि मुकाट्यानं एसटीत बसलो.

२४ जानेवारी

हिला सांगितलं. "आवं, प्रकाशक म्हंजे काय करतो?"

मी वर्गात सांगावं तसं सांगून बसलो — आलेलं पुस्तक वाचतो, छापायचं का नाही ते ठरवतो.

"मग द्या की वाचायला."

अगं, नुसतं नावापुरतं असतं ते! "नाव माजंच हाय ना?"

वही दिली.

२५ जानेवारी

रात्रभर एक गोष्ट डोक्यात होती, ती इथं तरी कबूल करतो. 'तळ हलला' ही मेंढरं घेऊन गावोगाव तळ टाकत फिरणाऱ्या एका घराची कादंबरी. ते घर हिचं. हिचे आबा, म्हणजे वडील तात्याबा, त्यांची मेंढरं, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. लग्न होईपर्यंत ही त्यांच्यामागं पायी चालली. आमचं घर दोन पिढ्यांपासून चौसाळ्यातच. मी मेंढरं बघितली ती रस्त्याच्या कडेला उभा राहून. तीस वर्षं ही भाकरी थापता थापता सांगायची, मी टिपून घ्यायचो. वाचायलाही हिला मीच शिकवलं, लग्नानंतर. पण वही हातात द्यावी, असं कधी मनातच आलं नाही.

२९ जानेवारी

पान १९. बोट ठेवून वाचते.

२ फेब्रुवारी

पान ७४. पेन्सिल दिली तर घेतली नाही — "तुमच्या अक्षराला कशाला खराब करू." चुकलेलं दिसलं की समासात टिकली लावते! लाल. पाकिटातल्या निम्म्या संपल्या.

चोरून बघितलं. पान १२ वर मी लिहिलं होतं, उन्हानं हैराण झालेली मेंढरं सैरावैरा धावत सुटली. तिथं टिकली. विचारलं तर म्हणाली, "उनात मेंढरं पळत न्हाईत. एकमेकीच्या पोटाखाली डोकी घालून हुबी ऱ्हात्यात. तुमाला सांगितलं व्हतं की मी." सांगितलं होतं. पण धावत सुटली हे वाचायला बरं वाटतं.

४ फेब्रुवारी

निकालाच्या दिवशी पोरं ऑफिसच्या दारापाशी घुटमळायची, तसा मी हिच्या आसपास घुटमळतोय. अठ्ठावन्नाव्या वर्षी! पुण्यासाठी कधी घुटमळलो नव्हतो.

५ फेब्रुवारी

वाचून संपली. वही समोर ठेवली आणि म्हणाली, "न्हाई छापायची."

मला वाटलं, चेष्टा करायली. चेष्टा नव्हती. नवव्या प्रकरणावर आठ टिकल्या. त्यात वाटेवर तान्हं पोर जातं आणि आई आभाळ फाटेल असा टाहो फोडते. अकरा पानं आहेत. माझं सगळ्यात आवडतं प्रकरण! मंडळात वाचून दाखवलं तेव्हा वर्षाराणी मॅडमनी डोळे पुसले होते.

"आई रडली न्हाई," ही म्हणाली. "तळ हलायचा व्हता, मेंढरं पुढं काढायची व्हती. तिनं मला त्येची बाळुती धुवायला लावली. वाळली न्हाईत. तशीच वल्ली घोड्यावर बांधली."

मग पानावर बोट ठेवलं. "ह्यो किसन कोण?"

तोच, तुझा भाऊ हनुमान. कादंबरीत नावं बदलावी लागतात.

"कावून?"

मी पान उलटायला गेलो, तिनं बोट काढलं नाही.

"त्येचं नाव कुठंच न्हाई. रेशनकार्डावर न्हाई, शाळंत न्हाई. गेवराईच्या अलीकडं पुरला व्हता, तिथं दगुड ठिवला व्हता आबानं. रस्ता मोठा झाला, त्यात दगुडबी गेला. मला वाटलं, निदान तुमच्या पुस्तकात तरी आसंल." मग म्हणाली, "माजंबी बदललंत तुमी. तांदळात बोटानं लिहून."

खरं आहे. माहेरची ही कडूबाई. मास्तरच्या बायकोला हे नाव शोभत नाही म्हणून मी रोहिणी केली. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

६ फेब्रुवारी

राग आलाय. पुण्यानं तीन वर्षांत नकार दिला नव्हता! बोललो नाही दिवसभर. तिला फरक पडलेला दिसला नाही. तिनं वांग्याची भाजी केली.

१२ फेब्रुवारी

आज पुण्याचा फोन! "सर, आनंदाची बातमी. आपण घेतोय." खोटं कशाला लिहू, अंगावर मूठभर मांस चढलं. मग हळूच — "फक्त तीनशे प्रती लेखकानं आधी घ्यायच्या. हल्ली पद्धतच आहे." म्हणजे विकत मी घ्यायचं, वाटायचं मी आणि नाव त्यांचं! बंकट निदान उघड उघड करतो.

तरी मन तिकडंच ओढत होतं. पुण्याचं नाव ते पुण्याचं नाव. शिवाय किसन कोण, असं तिथं कुणी विचारणार नव्हतं. होच म्हणणार होतो. सहज विचारलं, नववं प्रकरण कसं वाटलं?

"सगळंच ओघवतं आहे, सर."

ते पोराचं?

"हो हो, बालपण छान उतरलंय."

बालपण! सहा दिवसांचं होतं ते. कळवतो म्हणून फोन ठेवला. तीन वर्षांत ही कादंबरी एकाच माणसानं वाचली आहे. अकरा दिवसांत, बोट ठेवून.

१३ फेब्रुवारी

पुण्याला नको म्हणून कळवलं. हिला म्हटलं, नववं प्रकरण परत सांग. "आता लिहितावं का निस्तं ऐकतावं?" लिहितो म्हटलं.

२ मार्च

अकरा पानांची दोन पानं झाली. ती सांगते, मी लिहितो. माझं म्हणून एकच वाक्य राहिलं. तेही तिला पसंत नव्हतं, पण "ऱ्हाऊ द्या" म्हणाली. हनुमानचं नाव सात वेळा आलंय. तिनं मोजलं.

आज मध्येच उठून चुलीपाशी गेली आणि पदर तोंडाला लावून बसली. आई रडली नव्हती. ही आज रडली. मी तिथंच बसून राहिलो, मला काही करता आलं नाही.

१९ मार्च

बाकीची प्रकरणंही तशीच चाललीत. दुरुस्त झालं की ती टिकली काढून परत पाकिटावर चिकटवते. मला तिची टिकली निघाली की शाबासकी मिळाल्यासारखं वाटतं. बंकटला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "छबुला वाचायला देऊ काय बे मी?" म्हटलं, देऊन बघ. लगेच उन्हाचं बोलायला लागला.

२८ मार्च

अंगदला सांगितलं, प्रकाशकात 'रोहिणी' नको, 'कडूबाई' टाक. घरी सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाली. पण दिवसभर गुणगुणत होती.

६ एप्रिल

प्रूफ आलं. वर कव्हर — 'तळ हलला', खाली ठसठशीत माझं नाव. किती वेळा बघितलं ते लिहीत नाही. ह्या एका ओळीसाठी तीन वर्षं पुण्याच्या दारात उभा होतो. शेवटचं बघून घे, म्हणून तिच्याकडे दिलं.

९ एप्रिल

प्रूफ परत आलं. आत एकही टिकली नाही. कव्हरवर एक आहे, बरोबर माझ्या नावावर.

ही काय? "कपाळावरची पडली आसंल," म्हणाली. कपाळावरची जागच्या जागी होती.

दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. मग अंगदला फोन केला — लेखिका, कडूबाई तात्याबा. प्रकाशकात माझं नाव टाक. पत्ता तोच.