अक्काच्या पोराचा पाट

आबा,

तुम्ही गेले तेव्हा मी तिसरीत होतो, अन् त्यापुढे शाळा काही फार झाली नाही, म्हणून अक्षराला हसू नका. मी आता यावलला नाही. धुळ्याहून एस.टी.त बसलं की अर्धा दिवस जातो, अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आहे. केळी इथे औषधाला नाही. कापूस, मिरची अन् ऊन. मी इथे येशूचा प्रचार करतो. तुमच्यामागे मी केळीचे ट्रक भरले, भुसावळला हॉटेलात कपबश्या विसळल्या, कुठेच टिकलो नाही. तिथे तापाने पडलो तेव्हा ज्यांनी मला उचलून दवाखान्यात नेलं, त्यांचाच झालो. त्यांनी थोडं शिकवलं अन् इथे पाठवलं. गावात खोली कोणी देईना. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याने दिली. त्यांना सगळे नाना अन् अक्का म्हणतात. खोली त्यांच्या पोराची होती. दिवाळीच्या आधी विहिरीवर मोटर चालू करायला गेला अन् शॉक लागून तिथेच गेला. माझ्याच वयाचा. मी त्याच्या खाटेवर झोपतो. खुंटीला त्याचा शर्ट अजून आहे, तो काढा असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

पारावरून गेलो की माणसं विचारतात, "काय रे येशूवाला, आज कितला मेंढरं सापडनात?" आजपर्यंत एकही सापडलं नाही, आबा. माझी फक्त एक गोष्ट त्यांनी कान देऊन ऐकली. पोरगा गेल्यापासून त्या विहिरीकडे भरदुपारी कोणी फिरकत नव्हतं. मी एकटा गेलो, पाणी शेंदून प्यालो अन् पारावर येऊन सांगितलं, मेलेला माणूस कुणाला धरत नाही, भिऊ नका. त्या दिवशी कोणी हसलं नाही. मला वाटलं, आता जम बसला.

मग आखाजी आली, शाळेच्या पुस्तकातली अक्षय्य तृतीया. आखाजीला मेलेल्याच्या नावाने घागर भरायची अन् त्याच्या जागी त्याच्या वयाचा माणूस पाटावर बसवून जेवू घालायचा, हे तुम्हाला मी काय सांगू. अक्काच्या पोराची ही पहिलीच आखाजी. तिने भाच्याला बोलावलं होतं. तो आला, ओट्यावर पाणी प्याला अन् म्हणाला, "मामी, असा अवगतीनं मरेल मानूसना पाटवर मी काय बसत नही." अपघाताने मेलेला झपाटतो म्हणून शेजारच्यांनीही मान हलवली. अक्का पिठाच्या हातांनीच माझ्या दारात आली.

"बापू, तूच सांगस ना, मरेल मानूस कोनले धरत नही?"

"हो अक्का."

"तुले भ्याव नही लागत?"

"नाही."

"मंग तू बस. बठ्ठा गाव घाबरस. तठे मन्हा पोऱ्या तहानेल शे."

आमच्या चर्चच्या पाळकांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं आहे, मेलेल्याच्या नावाचं अन्न तोंडाला लावायचं नाही. हे कळलं तर ते मला इथून परत बोलावतील. अन् बसलो नाही तर? मी भ्यालो असंच गाव म्हणणार, ते तर म्हणोत, पण ही बाई आपला पोरगा तहानलेला आहे असं धरून वर्षभर बसणार. मी म्हणालो, "अक्का, विचारून सांगतो." तर म्हणते, "आते कोनले विचारशी? पान वाढेल शे." मागून नाना म्हणाले, "तुन्हा देव रागे भरी का रे? त्याले सांग, म्हातारीनी जबरदस्ती करी." एरवी मी हसलो असतो.

खरं सांगू, मला पाळकांपेक्षा तुमची जास्त आठवण येत होती. मागच्या आखाजीला मी घरी होतो. मी सांगितलं, आबांची घागर मी भरणार नाही, माझ्या धर्मात ते बसत नाही. आई भांडली नाही. तिने आणलेली नवी घागर चुलीजवळ पालथी घातली अन् भाकऱ्या थापायला बसली. आबा, तुमच्या दारची घागर पालथी घालायला लावणारा मी, दुसऱ्याच्या पोराच्या पाटावर बसलो.

अक्काने माझे पाय धुतले. कुंकू लावू लागली तेव्हा मी हात वर केला, पण तिने तो बाजूला सारून लावलंच. खापरावरच्या पुरणपोळ्या, पुरणाच्या कटाची रशी, कुरडया, अन् वाटीत आमरस. माझा गुडघा नेहमीसारखा थडथड हलत होता. तुम्ही केळीच्या चिकाने काळा झालेला सदरा काढून माझ्या शेजारी बसायचे, म्हणायचे, "जेवताना तरी बूड टेकव रे, पायाले भिंगरी बांधली का?" अन् माझं जेवण होईस्तोवर गुडघ्यावर हात दाबून ठेवायचे. तुमच्या हातालाही चिकाचा वास असायचा. अक्का समोर बसून माझा एकेक घास बघत होती. जेवण झालं तसं तिने विचारलं, "पोट भरनं का रे?" मी म्हणालो, "भरनं, माय." ती पदर तोंडाला लावून आत गेली. दिवाळीपासून पहिल्यांदाच रडली, असं नाना नंतर म्हणाले.

आता गाव मला मान देतं, अन् मला वर बघवत नाही. आमच्या शिकवणीप्रमाणे तुम्ही हे ऐकतच नाही, अन् हा कागद टाकायला पेटीही नाही. तरी लिहितो, कारण हे अक्काला सांगता येत नाही अन् पाळकांनाही. पाटावर बसलो तेव्हा तिचा पोरगा माझ्या मनात नव्हताच. प्रत्येक घास अन् घागरीतल्या पाण्याचा प्रत्येक घोट मी तुमच्या नावाने गिळला. ते पाणी तुमच्यापर्यंत आलं असेल, तर ते तुमचं नाही, आबा. तिकडे तो कुठे दिसला तर अर्धं त्याला द्या. विजेने गेलेला आहे, माझ्याच वयाचा.